एका दिवसाचे हिरवे पान

त्या राज्यात रस्ते थोडे होते आणि गाडे फार. कुणी ना कुणी रोज चाकाखाली येई, म्हणून तिथे एक कायदा होता. ज्याला गाडा रस्त्यावर काढायचा, त्याने आधी हमीदार गाठावा. गाड्याखाली कुणी सापडला, तर तो हिंडूफिरू लागेपर्यंत त्याचे घर हमीदाराने चालवावे. कायदा चांगला होता. कायदे बहुधा चांगलेच असतात, त्यांची राखण मात्र कुणाकुणाच्या हाती जाते.

पिढ्यान्‌पिढ्या ही हमी वारुळातल्या मुंग्या देत. त्या रांगेने येत, गाड्याचा कणा तपासत, चाकाचे आरे मोजत, उतारावर गाडा कसा हाकता असे चारचारदा विचारत, आणि आठ दिवसांनी वर्षभराची हमी झाडाच्या सालीवर कोरून देत. गाडेवाले वैतागून जात. पण कुणी जखमी झाला की त्याच मुंग्या त्याच रांगेने दाणा घेऊन त्याच्या दारात जात. हे फक्त जखमींना ठाऊक होते.

मग एका हंगामात कबुतरे आली. त्यांच्या पायांना हिरवी पाने बांधलेली असत. "एका दिवसाची हमी! ना तपासणी, ना चौकशी! नाव सांगा, पान घ्या!" असे ओरडत ती डोक्यावरून घिरट्या घालत. मूठभर दाणे उधळले की पान खाली पडे. त्यावर हमीदाराचा ठसा असे आणि पत्ता असे: जुन्या उंबराची ढोली. हमीदाराला कुणी पाहिले नव्हते. पण ज्याच्यासाठी इतकी कबुतरे उडतात तो मोठाच कुणी असणार, असे जो तो दुसऱ्याला सांगे आणि दुसऱ्याने सांगितले म्हणून स्वतः मानी.

नाक्यावर बोकड बसे. हमी पाहिल्याची खूण म्हणून त्याने तिचा एक कोपरा चावून काढावा, अशी जुनी रीत होती. वर्षानुवर्षे साली चावून बोकडाचे दात झिजले होते. कोवळे पान तोंडात पडताच त्याला आपल्या नोकरीचे सार्थक झाल्यासारखे वाटले. "कायदेशीर आहे," तो चघळत म्हणे आणि पुढच्या गाड्याकडे मान लांब करी.

एका मुंगसाला बिऱ्हाड हलवायचे होते. गाडा मेव्हण्याचा आणि काम एका दिवसाचे.

"एका दिवसासाठी वर्षाची हमी?" ते बायकोला म्हणाले. "मी काय खुळा आहे?"

मुंगूस तिखट नाकाचे. शेजाऱ्याने काय रांधले ते तीन बांधांपलीकडून सांगणारे. पण स्वस्तात हाती लागलेली वस्तू कुणी हुंगून पाहत नाही. त्याने पान गळ्यात बांधले, बोकडाकडून कोपरा चावून घेतला आणि रांजण, पेट्या, बायको व सासू असा सगळा संसार घेऊन निघाले.

मेव्हण्याच्या गाड्याची खीळ सैल होती. मुंग्यांनी ती पहिल्याच फेरीत पाहिली असती. उतारावर चाक निखळले, एकटेच धावत सुटले आणि कडेला बिया वेचणाऱ्या खारीच्या मागच्या पायांवरून गेले. खारीची तीन पिल्ले होती. दिवस बेगमीचे होते, पानगळीला महिना उरला होता. आता बिया साठल्या नाहीत, तर चारही जीव हिवाळा काढणार नव्हते.

"रडू नका बाई," मुंगूस म्हणाले. "माझ्याकडे हमी आहे. उद्यापासून तुमच्या दारात राशी लागतील." हे ते मनापासून बोलले.

राशी लागल्या नाहीत. कबुतरांना विचारले, तर ती म्हणाली, "आम्ही फक्त पाने वाहतो." खार फरपटत तीन बगळ्यांच्या न्यायासनापुढे गेली. बगळ्यांनी हमीदाराला हजर करण्याचा हुकूम काढला आणि तो घेऊन सरडा उंबराकडे गेला. ढोलीत सापाची एक कात लोंबत होती. तिचा धनी केव्हाच पसार झाला होता. सरड्याने हुकूम कातीला वाचून दाखवला, दोनदा मान हलवली आणि अहवाल लिहिला: हमीदारास समक्ष बजावले, त्याने हरकत घेतली नाही. मग त्याने हमीदाराला उचलून आणले. तो फारच हलका होता.

कात आत येताच मुंगसाचे नाक फुरफुरले. "अहो, ही तर सापाची कात आहे!" ते किंचाळले. "मला फसवलं! पान खोटं आहे!"

बोकड त्याच्या कानाशी लागला. "हळू बोला, राव. पान खोटं ठरलं म्हणजे तुमच्याकडे हमीच नव्हती. मग या बाईचं घर कुणी चालवायचं? तुम्हीच. आणि पान मी चावलंय, म्हणजे माझंही नाक्यावरचं आसन गेलं."

मुंगसाने बायकोकडे पाहिले, सासूकडे पाहिले. त्याला लाज वाटली, खरोखर वाटली. पण पाहुणीसारखी आली आणि पाणीही न पिता गेली.

"महाराज, मघाशी नाक चोंदलं होतं," ते म्हणाले. "पान खरं आहे. हमीदारही खरा आहे."

"अहो, पान खरं आहे, तर मग दाणा कुठंय?" खार म्हणाली. "माझी पिल्लं उपाशी आहेत हो."

"प्रश्न पान कायदेशीर आहे की नाही, एवढाच आहे," मधला बगळा डोळे मिटून म्हणाला. "दाणा हा निराळा विषय झाला."

निकाल त्याच दिवशी लागला. पान हिरवे होते म्हणून बोकडाने चावले, बोकडाने चावले म्हणून ते कायदेशीर, आणि ते कायदेशीर म्हणून मुंगूस मोकळे. हमीदार हजर असल्यामुळे तो जखमीच्या ताब्यात देण्यात येत आहे. तिने त्याच्याकडून आपले घर चालवून घ्यावे. एवढे सांगून तिन्ही बगळ्यांनी एकदमच पाय बदलला, आणि कसा स्वच्छ निवाडा झाला असे सगळे म्हणाले.

सरड्याने कात खारीच्या पुढ्यात टाकली. तिने ती चाचपली, उलटी केली, झटकली. त्यातून एक बी पडली नाही. मग तिने ती उजेडाकडे धरली. कात इतकी पातळ होती, की पलीकडचे सारे आरपार दिसत होते. न्यायासनावरचे बगळे दिसले, दाढी हलवत काहीतरी चघळणारा बोकड दिसला, मान खाली घालून दाराकडे सरकणारे मुंगूस दिसले. आणि बगळ्यांच्या पिसांवर, बोकडाच्या दाढीवर, मुंगसाच्या नाकावर, सगळ्यांच्या अंगावर सारखेच खवले होते.