अडुसष्टला तापलेली काच

एका डोंगरावर एक प्रयोगशाळा होती. तिथे केंकरे सर मुख्य होते आणि घोटगेबाई त्यांच्या हाताखाली मोजमाप करत. बाईंनी एका काचेवर डोळ्यालाही दिसणार नाही इतका पातळ थर चढवला होता. थंड असताना त्या थरातून वीज वाहत नसे, तापला की तोच धातूसारखा होई. हे तार न जोडताच कळे. टेराहर्ट्झ नावाचा न दिसणारा किरण काचेवर सोडायचा. वीज वाहू लागली की तो अडे. खोलीत श्वाससुद्धा जपून घ्यावा लागे, कारण श्वासाच्या ओलाव्यानेही किरण अडतो.

एकदा सरांनी बाईंची वही पाहिली. तापताना किरण अडुसष्ट अंशांवर अडला होता, पण निवताना साठवर सुटला होता. झालं, सर भडकले! "एकाच काचेचे दोन आकडे? बाई, खोटं लिहिताय!" त्यांनी सगळ्यांदेखत लाल शाईने पानावर 'खोटे' असं लिहिलं. बाईंनी मोजमापाच्या खोलीची आपली चावी टेबलावर ठेवली आणि त्या घरी गेल्या. तसा थर चढवणं दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, हे रागाच्या भरात सरांना आठवलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर एकटेच मोजायला बसले. अडुसष्टला किरण अडला. त्यांनी काच निवू दिली. सहासष्ट. चौसष्ट. किरण सुटेना. बासष्ट. आत ना तार, ना हात, ना आवाज, तरी कुणीतरी किरण धरून ठेवला होता. पाठीमागे कुणी श्वास रोखून उभं आहे असं वाटून त्यांनी वळून पाहिलं. बाईंची रिकामी खुर्ची होती. पुन्हा समोर पाहिलं तर साठ अंश झाले होते आणि किरण सुटला होता.

सर तसेच बाईंच्या घरी गेले. "बाई, चुकलो. माझा राग गेला, आता चला."

"तुमचा गेला हो, सर," बाई दारातूनच म्हणाल्या. "तापवलंत चारचौघांत, आणि निववायला एकटेच आलात?"

सर परतले. त्यांनी सगळ्यांना बोलावलं, 'खोटे' खोडलं, शेजारी 'खरे. चूक माझी' असं लिहून मोठ्याने वाचलं. तरी बाई आल्या नाहीत. सर मुकाट्याने वाट बघत राहिले. आठव्या दिवशी टेबलावर चावी नव्हती. आतल्या खोलीत बाई श्वास जपत काच बसवत होत्या.

तात्पर्य: माणूस जिथे तापतो तिथेच निवत नाही; दुखावणाऱ्याने त्या अंशाच्याही खाली उतरावं आणि धीर धरावा.