निळ्या विमानाचा शेरा

एका गावाबाहेरच्या माळावर पूर्वी हौशी वैमानिकांची एक शाळा होती. दोन छोटी विमानं, पत्र्याची एक शेड आणि शिकवायला पागेसर. रंगनाथ ओतारी तिथेच उडायला शिकला. आता त्याचे केस पिकलेत, पण तो माळ आठवला की अजूनही त्याचा जीव हळवा होतो. फार सुखाचे दिवस होते ते.

त्या शाळेत एकट्याने उडायचं तर सरांचा लेखी शेरा लागे. रंगनाथला पिवळ्या विमानाचा शेरा मिळाला आणि त्याने आपलं उड्डाण बघायला हौसेने गावाकडून आईला बोलावून घेतलं. नेमकं त्याच दिवशी पिवळं विमान बिघडलं. उरलं निळं. त्याचं तिसरं चाक नाकाखाली नव्हतं, शेपटीखाली होतं, आणि रंगनाथने ते कधी चालवलं नव्हतं.

त्याने नियम उघडले. एक कलम म्हणे, दोन आसनांच्या सगळ्या विमानांना एकच शेरा पुरे. दुसरं म्हणे, शेपटीला चाक असेल तर शिक्षण वेगळं आणि शेराही वेगळा. तिसऱ्या कलमात दोन्हींचे अपवाद होते. वाचून त्याच्या डोक्याचा भुगा झाला. ज्यांनी ते लिहिले त्यांनी तरी ते वाचले होते की नाही, देव जाणे.

पागेसर म्हणाले, "अर्थ मलाही धड लागत नाही. तू एवढंच सांग, आडवा वारा आला तर हे विमान तुला सरळ उतरवता येईल? तू म्हणशील ते मी मानीन."

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. आई जवळच शेडच्या सावलीत दशम्यांचं फडकं सोडून बसली होती. तिला शेरा म्हणजे शाळेतलाच ठाऊक.

"तुझ्या मास्तरांचा शेरा अजून ध्यानात हाय माझ्या," ती म्हणाली. "हुशार आहे, पण घाई करतो. दर साली त्योच."

रंगनाथला हसू आलं आणि डोळेही भरले.

"नाही येणार, सर," तो म्हणाला.

मग मायलेक निळ्या विमानाच्या पंखाखाली बसून पोटभर जेवले. संध्याकाळच्या एसटीने आई गावी परतली. पिवळं विमान दुरुस्त होण्याआधीच ती वारली. तिला उडून दाखवायचं राहूनच गेलं, ही हळहळ रंगनाथला आजही आहे. पण त्या दिवशी ती पोराची काळजी न करता घरी गेली, हे आठवलं की त्याला बरं वाटतं.

तात्पर्य: नियमांचा अर्थ लागत नसेल, तेव्हा आपल्याला काय येत नाही ते आधी खरं सांगावं.