बुंध्याशी पडलेला भुसा

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. तिथे दोन जावा शेजारी शेजारी राहत. थोरलीचा नवरा वारला होता. त्याने आपल्या हाताने लावलेला आंबा तिच्या परसात, दोन्ही घरांमधल्या कुंपणाला लागून उभा होता. रोज दुपारी ती त्याच्याखाली बसायची. झाडाच्या अर्ध्या फांद्या धाकटीच्या अंगणावर आल्या होत्या, त्यामुळे सावली आणि कैऱ्या दोन्ही घरांना मिळत.

धाकटीची नजर तीक्ष्ण. एकदा थोरलीकडे पाहुण्या बायका बसल्या असताना ती म्हणाली, "जाऊबाई, तुमच्या वालाच्या वेलावर मावा पडलाय. थोडी राख तरी टाका."

चारचौघींत आपलं उणं काढलं, याचा थोरलीला राग आला. "माझ्या परसात तू नाक खुपसू नकोस," ती फटकन बोलून गेली.

धाकटी उठून घरी गेली. ते बोलणं तिच्या मनात रुतून बसलं.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी अंगण झाडताना तिला आंब्याच्या बुंध्याशी, आपल्या बाजूला, लाकडाचा ओलसर भुसा दिसला. वर खोडाला भोक पडलं होतं. झाडाला भिरूड लागला होता. ही अळी खोड आतून पोखरत जाते. वेळीच भोकात तार घालून ती काढली, तर झाड वाचतं, हे धाकटीला ठाऊक होतं.

नवरा म्हणाला, "वहिनींना सांग की."

"मी कशाला सांगू? नाक खुपसू नको म्हणाल्यात ना? बघतील त्यांचं त्या."

"मग मी सांगतो."

"तुम्हीही जायचं नाही!"

थोरलीला पलीकडचा भुसा दिसत नव्हता. धाकटी तो रोज झाडून टाकायची. कधीकधी सांगायला म्हणून कुंपणापर्यंत जायची आणि तशीच परत यायची.

मोहोर आला तो जळून गेला. पानं पिवळी पडली. झाडाला पाणी कमी पडतंय असं वाटून थोरली घागरीमागून घागरी ओतत राहिली. शेवटी एका वादळात झाड मधोमध मोडलं. आतून पार पोकळ झालं होतं.

मोडक्या खोडावर हात फिरवत थोरली म्हणाली, "तुझी नजर चांगली गं. तुला काहीच दिसलं नाही?"

"दिसलं होतं, जाऊबाई."

"मग बोलली का नाहीस?"

"नाक खुपसू नको म्हणाला होतात."

थोरली आठवू लागली. "मी? कधी म्हटलं असं?"

धाकटी तिथेच बसून रडू लागली.

पुढे धाकटीने त्या जागी नवं कलम लावलं. थोरलीने तिला कधी दोष दिला नाही. पण त्याची सावली पडेल तेव्हा थोरली असेल का, हा प्रश्न पाणी घालताना धाकटीला रोज टोचायचा.

तात्पर्य: बोलणारा बोलून विसरतो, पण राग धरून बसणाऱ्याच्या मौनाने नुकसान होतं. संकट दिसलं, तर रुसवा बाजूला ठेवून आधी सांगावं.