राजहंस आणि बुडती वाटी

एका घटकेत पानभर मराठी लिहायचं आणि त्याच घटकेत मराठी बोलूनही दाखवायचं, असा हुकूम भद्रसेन राजानं काढला. परमुलखातून आलेल्या प्रत्येक वस्तीनं आपला एक माणूस परीक्षेला पाठवायचा. तो नापास झाला, की सगळ्या वस्तीनं सूर्यास्ताच्या आत राज्य सोडायचं!

परीक्षक होते त्र्यंबकशास्त्री. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी ते पाण्याच्या घंगाळात सोडत. वाटी बुडाली, की वेळ संपली. लिहीत बसलेल्याचं बोलायचं राहून जाई आणि बोलत राहिलेल्याचा कागद कोरा राही. अशा सात वस्त्या गेल्या.

मग तेलंगणातल्या पाथरवटांची पाळी आली. त्यांनी बांधायला घेतलेली बारव अजून अर्धीच होती. त्यांनी लिंगव्वाला पाठवलं. दगडावर कोरायची मराठी अक्षरं तीच वडिलांना झरझर काढून देत असे.

"महाराज, एवढ्या वेळात दोन्ही कसं जमायचं?" तिनं विचारलं.

"मराठी येत असेल तर जमतं!" राजा म्हणाला. "आमच्या शास्त्रीबुवांना जमेल की नाही?"

"डोळे मिटून!" शास्त्रीबुवा म्हणाले आणि त्यांनी वाटी पाण्यात सोडली. "विषय आहे, मी राजहंस असते तर. कर सुरुवात!"

लिंगव्वानं बोरू शाईत बुडवला. "शास्त्रीबुवा, मी राजहंस कधी पाहिला नाही. तुम्ही पाहिलाय?"

"मी? अगं, राजहंस म्हणजे... म्हणजे साधासुधा पक्षी नव्हे! म्हणजे असं बघ, आता सरोवर घे. नाही, आधी दूध घे. दुधात पाणी असलं ना, तर तो नेमकं दूध तेवढं पितो. आमच्या सासऱ्यांची गाय होती, तिचं दूध म्हणजे..."

लिंगव्वा मान खाली घालून भराभर लिहीत होती. शास्त्रीबुवा श्वास घ्यायला थांबताच तिनं विचारलं, "मग तुमच्या सासऱ्यांनी गवळ्याऐवजी राजहंसच का नाही ठेवला? दुधातलं पाणी लगेच कळलं असतं!"

दरबार खो खो हसला. शास्त्रीबुवा लालबुंद झाले.

"थट्टा करतेस? गवळी वेगळा, हंस वेगळा! म्हणजे हंसाची चोच म्हणजे... ती गाय तर फार गरीब होती बिचारी! काय सांगत होतो मी?"

"चोच," लिंगव्वा म्हणाली आणि पुन्हा लिहू लागली.

ते बोलले, की ती लिही. ते थांबले, की ती बोले. आणि डुबुक! वाटी बुडाली.

"संपली वेळ!" शास्त्रीबुवा ओरडले.

"बोलली तर खरी. दरबार हसवला तिनं," राजा म्हणाला. "आता कागद तपासा."

शास्त्रीबुवांनी कागद ओढून घेतला आणि कुंकवाच्या पाण्यानं खुणांवर खुणा केल्या. "काय हे! सुरू झालेलं वाक्य संपतच नाही. सरोवर मध्येच सोडलं. हंसाच्या चोचीत गाय कुठून आली? आणि पानभर नुसतं 'म्हणजे, म्हणजे'! महाराज, हे लिहिणाऱ्याला मराठीचा गंध नाही. नापास!"

"मलाही लिहिताना तसंच वाटत होतं," लिंगव्वा हळूच म्हणाली. "पण शास्त्रीबुवा जे बोलले, तेच मी उतरवून घेतलं. पदरचा एक शब्द घातलेला नाही."

राजानं कागद घेऊन वाचला. त्याच्या मिशा थरथरू लागल्या.

"मग नापास कोण झालं, महाराज?" लिंगव्वानं विचारलं. "आणि शास्त्रीबुवा राहतात कुठल्या वस्तीत? त्या वस्तीला सूर्यास्ताच्या आत निघायला हवं!"

"ते? ते राहतात माझ्या राजवाड्यात..." राजा बोलता बोलता थांबला. "अरे देवा! म्हणजे मलाही गाठोडं बांधावं लागणार!"

आणि तो इतका हसला, की मुकुट मांडीवर पडला. त्यानं हुकूम तिथेच फाडला, सातही वस्त्यांना परत बोलवायला घोडेस्वार पाठवले आणि ती तांब्याची वाटी लिंगव्वाच्या हातात ठेवली. "पोरी, हे तुझं बक्षीस!"

लिंगव्वानं वाटी उलटी करून पाहिली. "भोक पडलेली वाटी घेऊन मी काय करू, महाराज?"

राजा पुन्हा हसला. त्यानं अख्खं घंगाळ मोहरांनी भरून दिलं. ते बारवेपर्यंत शास्त्रीबुवांनीच उचलून नेलं. वाटेत ते एक शब्दही बोलले नाहीत!