लिंपलेला कोनाडा

निवांतनाथ महाराजांचा मुक्काम तेव्हा कुसुंबगावच्या ओढ्याकाठी, चिंचेखालच्या पडवीत होता. त्याच गावातल्या गोदूबाई कासारणीची ही हकीकत.

डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन बाईने बारा गावे तुडवली, तेव्हा कुठे रंगोबा शिंप्याचे दोन खणांचे घर विकत घेता आले. पुढे रंगोबा वारला, आणि एके दिवशी दाराला नोटीस डकवलेली दिसली. रंगोबाची चार वर्षांची घरपट्टी थकलेली, घरावर सरकारचा बोजा, गुरुवारी लिलाव.

"दादा, मी तर रोख देऊन घर घेतलं!"

चावडीवरचा कारकून वामनराव हसला. "पट्टी माणसाला नाही, घराला चिकटते, बाई! माणूस मेला तरी ती तशीच राहते. उतारा न बघता घर घेतलंस ना? आता लिलावाला येतील त्यांच्या बायकांना बांगड्या भर."

चावडी खो खो हसली. तालुक्याला तीन खेपा झाल्या, पाय सुजले, हाती काही आले नाही.

गुरुवारी सकाळी गोदूबाई महाराजांपुढे नुसती बसून राहिली. "महाराज, मागायचंही त्राण नाही. दमले मी."

महाराज म्हणाले, "मग मागू नकोस, माय. घरी जा, कोनाड्यात दिवा लाव."

"माझ्या घरात कोनाडा नाही हो."

"आहे. चुलीसमोरच्या भिंतीत."

त्या घराचा उंबरा महाराजांनी कधी ओलांडला नव्हता!

समोर सपाट भिंत. तरी गुरूचा शब्द म्हणून बाईने भिंतीशी पणती लावली. बाहेर दवंडी सुरू झाली. वामनराव दारातून डोकावला, "काय गं, भिंतीला ओवाळतेस?"

"महाराजांनी दिवा लावायला सांगितलाय, दादा." तिने कपाळ भिंतीला टेकवले मात्र, मातीचा पोपडा धपकन गळला! आत काजळी धरलेला कोनाडा, त्यात पत्र्याची डबी, डबीत घरपट्टीच्या चार पावत्या.

"अगं बाई!" शेजारची म्हातारी पुटपुटली, "बायको गेली तेव्हा रंगोबानं आत काय आहे तेही न बघता दिव्याची जागाच लिंपून टाकली होती."

वामनरावाने पावत्या उलगडल्या. शिक्का खरा होता. सही त्याच्या वडिलांची; त्याच्या आधी तेच कारकून होते. पैसे भरलेले होते; वहीत मात्र चढले नव्हते.

त्याने नोटीस फाडली आणि अनवाणी जाऊन महाराजांचे पाय धरले. महाराजांनी पाय मागे घेतले. "माझ्याकडे काय आहे? दिवा तिनं लावला."

तो परत आला. गोदूबाई भिंतीला टेकून झोपली होती, किती महिन्यांनी कोण जाणे! वामनरावाने दवंडीवाल्याला खुणेने गप्प केले, पणतीत तेल घातले, आणि उंबऱ्यावर माथा टेकला.