समृद्ध या शब्दाचा शाप

एका राज्यात, जिथे पाखरे माणसांशी बोलत, जयकेतू नावाचा राजा होता. त्याने कालकंठ मांत्रिकाला बंदी केले आणि सुटकेच्या बदल्यात मागितले, "माझे राज्य समृद्ध कर."

"समृद्ध म्हणजे काय, राजा?"

"भांडार भर. आणखी काय?"

"अर्थ न जाणता मागितलेस," मांत्रिक म्हणाला. "भांडार भरेल, तसतशी तुझ्या मनातून माणसे जातील. अर्थ जाणणारे कोणी माझ्यापाशी येईल, तेव्हाच शाप सुटेल."

मांत्रिक सुटून गेला आणि भांडारात रोज सोने उगवू लागले. राजा आधी प्रधानाला विसरला, मग राणीला. एके सकाळी राजकन्या मंजुघोषा पाया पडायला वाकली, तर तो अदबीने उठून म्हणाला, "बाई, आपण कोणाच्या?"

ती रडत रानात गेली. तिथे भारद्वाज पक्षी बोलला, "राजकन्ये, भांडाराला हात न लावता एक माती समृद्ध कर, एक भाषा समृद्ध कर, एक जीव समृद्ध कर. मग मांत्रिकाकडे जा."

मंजुघोषेने एका उजाड माळावर पालापाचोळा आणि शेण पसरले. हळूहळू पाला दिसेनासा झाला, माती काळीभोर झाली आणि तिच्यात मूग तरारला.

पुढे नदी लागली. पैलतीरी, घरी परतणाऱ्या माणसाच्या चाहुलीला एक खास शब्द होता, ऐलतीरी तो नव्हता. ऐलतीरी रुसून हसण्याला शब्द होता, पैलतीरी नव्हता. तिने शब्द इकडचे तिकडे नेले. दोन्ही तीरांची गाणी फुलली.

मग ती बापापाशी परतली. रोज त्याच्याजवळ बसून माळाच्या, नदीच्या गोष्टी सांगू लागली. त्याला ओळख काही पटेना. शेवटी ती खिन्न होऊन कालकंठाकडे गेली.

"तिसरे काम जमले नाही. बाबा अजून विचारतात, मी कोण."

"आणखी काय करतात?"

"मी जायच्या आधीच माझ्यासाठी पाट मांडतात. आपल्या फळातले अर्धे राखून ठेवतात."

"मग सांग, समृद्ध म्हणजे काय?"

"पाला उरला नाही, पण माती निराळी झाली. बाबांचेही तसेच काही झाले असेल: गोष्टी उरल्या नाहीत, पण ते निराळे झाले. भांडारातले सोने मात्र नुसते पडून आहे."

मांत्रिकाचे डोळे पाणावले. "जा बाळ. शाप सुटला."

सोने विरून गेले. राजा राणीला, प्रधानाला, द्वारपालांना नावाने हाका मारीत अंगणात धावला. लेकीपुढे येताच मात्र ओळख पटून त्याला रडू फुटले. ओठांवर आलेले नाव बाहेर पडेना.

"सावकाश, बाबा," ती त्याचा हात धरून म्हणाली. "मी इथेच आहे."

अशी त्या राज्याची घडी पुन्हा बसली. ऐकणाऱ्यांच्या घरीही आपली माणसे आपल्या ओळखीत राहोत.