राजाची मोरी

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव आता कुणाला आठवत नाही आणि राजाचंही नाही. आठवते ती फक्त त्याची मोरी.

हसू नका. राजा झाला म्हणून काय त्याच्या घरी मोरी नसते?

तर या राजाचं न्हाणीघर मोठं ऐसपैस होतं. भिंती दगडी, छत उंच, कोपऱ्यात पाणी तापवायचा तांब्याचा हंडा. मधोमध एक काळी शिळा बसवलेली होती. राजा तिच्यावर बसून अंघोळ करी. शिळेच्या कडेला मूठ जाईल एवढं भोक होतं. पाणी त्या भोकातून खालच्या खड्ड्यात जाई आणि तिथल्या वाळूत जिरे. चारचौघांच्या घरांसारखं ते परसात वाहत जात नसे, कारण राजघराण्याचा एक नियम होता. राजाच्या अंगावरून उतरलेलं पाणी कुणाच्या पायाखाली येता कामा नये.

दुसरा नियम त्याहून कडक. ही शिळा राजाच्या आजोबांनी बसवली होती आणि सांगून ठेवलं होतं, "हिला राजाखेरीज कुणाचा हात लागायचा नाही."

आजोबा दर अमावस्येला न्हाणीघराचं दार आतून लावून घेत. चांगले दोन घटका आत असत. बाहेर येत तेव्हा घामाघूम झालेले असत आणि तसेच विहिरीवर जाऊन पुन्हा अंघोळ करीत. लोक हात जोडून म्हणत, "काय ही खडतर उपासना!"

त्यांच्यामागून राजाचे वडील गादीवर आले. तेही दर अमावस्येला दार लावून घेत. पण आत जाऊन करायचं काय, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मग ते शिळेला हळदकुंकू वाहत, हात जोडत आणि बाहेर येत. आताच्या राजाला तेवढीही सवड नव्हती. तो उपाध्यायांना पाठवी. उपाध्याय शिळेला न शिवता लांबूनच भोकात तांब्याभर दूध ओतत, फुलं सोडत आणि दक्षिणा घेऊन घरी जात.

असं किती वर्षं चाललं असेल? धरा चाळीस.

न्हाणीघराच्या मागे एका खोपटात भिवरा राहायची. पाणी तापवणं, हंडा घासणं, उटणं कालवणं, जमीन धुणं ही तिची कामं. लग्न होऊन आली तेव्हा हे काम तिची सासू करीत असे. सासू गेली, नवरा गेला, भिवरा राहिली. राजा तान्हा असताना तिनंच त्याला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं होतं. त्या खोपटाशिवाय तिला जगात दुसरी जागा नव्हती.

एके वर्षी न्हाणीघरात चिलटं झाली.

आधी पाच-सहा होती, तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. मग भिंत करडी दिसायला लागली. तिळाएवढी चिलटं, लवदार पंखांची. बोटानं दाबलं तर राखेचा ठिपका उरे. चावत नसत, गुणगुणत नसत, नुसती बसून असत आणि पाणी पडलं की तोंडाभोवती उडत. माणूस वाघाला भितो, पण वाघ रोज अंघोळीच्या वेळी येत नाही.

राजाला अंघोळ करताना मोठ्यानं स्तोत्र म्हणायची सवय होती. एका सकाळी तो भक्तिभावानं तोंड उघडून तिसऱ्या ओळीला पोचला आणि एक चिलट थेट घशात गेलं. स्तोत्र राहिलं बाजूला. राजा इतका खोकला, की पहारेकरी तलवारी उपसून आत धावले आणि राजाला पंचाशिवाय पाहून तसेच उलट्या पावली बाहेर आले.

मग काय विचारता! सगळा दरबार चिलटांच्या मागे लागला.

राजवैद्यांनी कडुनिंबाची धुरी केली. चिलटं खिडकीतून बाहेर गेली आणि धूर विरला तशी परत आली. सेनापतींनी बारा शिपायांना ओले पंचे देऊन आत सोडलं. त्यांनी दिवसभर भिंती झोडपल्या, ढीगभर चिलटं मारली, एकमेकांनाही मारलं. दुसऱ्या दिवशी भिंत पुन्हा करडी. उपाध्याय म्हणाले, "शिळा रुष्ट झाली आहे." त्यांनी रोज दूध ओतायला सुरुवात केली. शिवाय वास मारतो म्हणून राजासाठी साय आणि बेसन घालून दुप्पट उटणं कालवायचा हुकूम सुटला. जो तो काहीतरी ओतत होता, आणि ओतलेलं सगळं त्या एकाच भोकातून खाली जात होतं.

चिलटं दुप्पट झाली.

उपाय हरले की माणसं कुणाच्या तरी माथी खापर फोडायला निघतात. उपाध्याय राजाला म्हणाले, "महाराज, दोष पाण्यात आहे. ही भिवरा म्हातारी झाली. शिळं पाणी तापवत असेल, हंडा धड घासत नसेल. पाणी बदललं की पीडा जाईल."

राजा वैतागलेला होता. त्यानं भिवराला बोलावलं आणि म्हणाला, "अमावस्येला आठ दिवस आहेत. तोवर चिलटं गेली नाहीत, तर तू खोपटं रिकामं करून जा. दुसरं माणूस बघू."

भिवरा म्हणाली, "महाराज, माझं पाणी शिळं न्हाई. हंड्यात तोंड दिसतं, येऊन बघा."

"मग चिलटं कुठून येतात?"

भिवरा खोपटात आली आणि दारात बसून राहिली. तिला रडू आलं. चाळीस वर्षं ज्याच्यासाठी पाणी तापवलं, त्यानं आठ दिवसांची मुदत द्यावी! मग तिनं पदरानं डोळे पुसले. रडून चिलटं जात नसतात, हे तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ती न्हाणीघरात नुसती बसून राहिली. मारलं नाही, झाडलं नाही, बघत राहिली. भिंतीवर एक पाल होती, चिलटं खाऊन चांगली गलेलठ्ठ झालेली. दुसऱ्या एखाद्या गोष्टीत त्या पालीनं भिवराला सगळं गुपित सांगितलं असतं. आमच्या गोष्टीतली पाल बोलली नाही. तिच्या तोंडात घास होता.

पण भिवराला एक गोष्ट दिसली. पाल वर, खिडकीपाशी कधी जात नव्हती. ती भिंतीच्या पायथ्याशी, शिळेकडे तोंड करून बसायची.

भिवरानं दोन पराती घेतल्या. दोन्हींना आतून करडईचं तेल फासलं. एक परात खिडकीच्या फटीशी उभी टेकवली. दुसरी शिळेवरच्या भोकावर पालथी घातली, शिळेला बोट न लावता. आणि दार ओढून घेतलं.

सकाळी ती राजाला घेऊन आली. सोबत उपाध्यायही आले, बोलावलं नव्हतं तरी.

खिडकीपाशी ठेवलेल्या परातीत एक चिलट होतं. भिवरानं भोकावरची परात उलटी केली. आतलं पितळ दिसत नव्हतं. तिळगुळाला तीळ चिकटावेत तशी चिलटं तेलात चिकटली होती.

"बाहेरून येत न्हाईत, महाराज," भिवरा म्हणाली. "खालनं येतात. ही शिळा उचलाय पायजे."

उपाध्यायांनी कानांवर हात ठेवले. "अब्रह्मण्यम्! आजोबांचा नियम आहे. या शिळेला कुणाचा हात लागायचा नाही."

"राजाबिगर कुणाचा न्हाई, असा नियम हाय," भिवरा म्हणाली. "राजा तर हितंच उभा हाय."

राजानं भोकाकडे पाहिलं. मग आपल्या हातांकडे पाहिलं. त्या हातांनी त्यानं लढाया केल्या होत्या, पण मोरीत कधी हात घातला नव्हता.

"दुसरा काही उपाय नाही?" त्यानं विचारलं.

"हाय की. मी आजच गाठोडं बांधते. पर चिलटं माझ्यासंगं येणार न्हाईत."

राजाला हे लागलं. लागायलाच हवं होतं. त्यानं उपाध्यायांना बाहेर पाठवलं, अंगरखा काढून ठेवला आणि पहार मागवली. पहिल्या दोन झटक्यांना शिळा हलली नाही. तिसऱ्याला ती किरकिरत कलली आणि खालून असा वास आला, की राजा तोंड फिरवून भिंतीला टेकला.

खड्डा काठोकाठ भरला होता. बेसन, साय, तेल, केस, हळद, कुजलेली फुलं, आंबलेलं दूध. चाळीस वर्षांचं सगळं एकावर एक थापलेलं, वर शेवाळासारखा बुळबुळीत थर. आणि त्या थरात दोऱ्यासारख्या बारीक अळ्या वळवळत होत्या.

खड्ड्याच्या काठाला, शिळेखाली, दगडात एक खुंटी ठोकलेली होती. खुंटीला पितळेचं रुंद उलथनं टांगलं होतं. त्याची कड एका बाजूनं पार झिजून गेली होती.

राजानं ते हातात घेऊन पाहिलं. मुठीवर आजोबांची मुद्रा कोरलेली होती.

झिजलेल्या कडेवरून बोट फिरवत तो म्हणाला, "भिवरा, आजोबा अमावस्येला दार लावून ही उपासना करीत होते."

"म्हणून घामाघूम होऊन येत व्हते," भिवरा म्हणाली. "सासूबाई म्हणायच्या, थोरल्या महाराजांच्या नखांत कसलं काळं असतंय कोण जाणे."

"आणि आम्ही नियम पाळला," राजा म्हणाला. "दार लावायचा तेवढा."

त्यानं बाह्या सरसावल्या असत्या, पण अंगरखा आधीच काढलेला होता. तो गुडघ्यांवर बसला आणि खरवडायला लागला. खड्डा उपसायला त्याला दोन दिवस लागले. भिवरा टोपल्या बाहेर नेऊन दूर शेतात पुरत होती आणि मधूनमधून सांगत होती, "कडा सोडू नका. घाण कडंलाच बसते." मग राजानं काथ्यानं आणि राखेनं दगड घासला, वरून हंडाभर उकळतं पाणी ओतलं, खाली नवी वाळू घातली आणि शिळा पुन्हा जागेवर बसवली.

"आता धा दिवस हितं थेंब पडू द्यायचा न्हाई," भिवरा म्हणाली. "सुकू द्या."

राजा बागेतल्या विहिरीवर अंघोळ करू लागला. पाणी वाहत केळींच्या आळ्यात जाई, माळ्याच्या पायांखालून. माळ्याला काही झालं नाही आणि राज्यही बुडालं नाही. केळींना मात्र पुढे मोठे घड लागले.

पण चिलटं गेली नाहीत!

कमी झाली होती, तरी भिंतीवर दिसत होती. अमावस्या उजाडली, तेव्हा उपाध्यायांनी एक एक करून मोजली. "सतरा," ते दरबारात म्हणाले. "शिळा उचलली, नियम मोडला, आणि चिलटं आहेतच. महाराज, आज मुदत संपली."

भिवरानं गाठोडं बांधून दारात ठेवलं होतं. ती म्हणाली, "जी जन्माला आली, ती आपलं आयुष्य उडणारच. ती मारून उपेग न्हाई. नवीन येतात का तेवढं बघा."

राजानं कुणाला हुकूम केला नाही. स्वतः परात घेतली, स्वतःच तिला तेल फासलं आणि शिळेच्या भोकावर पालथी घातली. भिवराला म्हणाला, "गाठोडं सकाळपर्यंत राहू दे."

सकाळी त्यानं सगळ्यांसमोर परात उलटली. एकही चिलट नव्हतं. लख्ख पितळात राजाला आपलं तोंड दिसलं. डोळे जागरणानं सुजलेले होते.

तो भिवरापाशी गेला. "चूक माझी होती," तो म्हणाला. "मळ माझ्या घरचा, आणि घालवायला निघालो तुला." त्यानं तिचं गाठोडं उचललं आणि खोपटात नेऊन ठेवलं. राजानं गाठोडं उचललेलं दरबारानं पहिल्यांदाच पाहिलं. भिवराचे डोळे भरून आले होते.

भिंतीवरची सतरा चिलटं चार-पाच दिवसांत एक एक करून आपोआप संपली. पाल रोडावली आणि दुसरीकडे राहायला गेली.

तेव्हापासून दर अमावस्येला राजा उलथनं घेऊन न्हाणीघरात जाऊ लागला. पण त्यानं आजोबांची एक चूक सुधारली. आजोबा दार लावून मोरी घासत, म्हणून मागच्यांना दारच तेवढं दिसलं. राजा दार सताड उघडं ठेवी. येणारा-जाणारा बघे, उपाध्यायसुद्धा बघत. आणि उंबऱ्यावर बसलेली भिवरा म्हणे, "महाराज, कड ऱ्हायली."

बोध : चिलटं भिंतीवर दिसतात पण जन्मतात मोरीत, म्हणून ज्याची मोरी त्यानंच ती उघडावी आणि घासावी.